प्रत्येक सेन्सर कशामुळे फसतो, ते आधी मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२५ च्या नोव्हेंबरात इथिओपियातल्या ज्वालामुखीची राख अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि विमानं रद्द झाली. दुसरीकडे दर पावसाळ्यात मुंबईत सकाळचा ऑरेंज अलर्ट दुपारी रेड होतो, तोवर लोक लोकलमध्ये अडकलेले असतात. मग उपग्रह, रडार, भूकंपमापक, वीज पकडणारे सेन्सर आणि पर्जन्यमापक हे सगळं एकाच पडद्यावर आणून वर मशीन लर्निंग बसवलं, तर उद्रेक आणि अतिवृष्टी दोन्ही आधी कळणार नाहीत का? आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला किती सेन्सर पुरतील?

रडार आणि उपग्रहाच्या चित्रांची सांगड घालण्याचं काम मी मुंबईत बरीच वर्षं करतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. किती सेन्सर, याचं उत्तर शेवटी देईन, कारण अडचण संख्येत नाही. एका पडद्यावर पाच खिडक्या उघडणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. खरी अडचण ही, की पाचपैकी तिघं एक सांगतात आणि दोघं दुसरंच सांगतात, तेव्हा विश्वास कोणावर ठेवायचा. बहुमताने ते ठरत नाही. एकाच वहीवरून उतरवलेले पाच पेपर सारखे आले, म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. जोडणीचा फायदा तेव्हाच होतो, जेव्हा एक सेन्सर ज्या कारणाने फसतो त्या कारणाने दुसरा फसत नाही. माझं सगळं म्हणणं याच वाक्याभोवती आहे, बाकी उदाहरणं.

२४ जून १९८२ ची रात्र घ्या. ब्रिटिश एअरवेजचं उड्डाण क्रमांक ९ लंडनहून निघून मुंबई, क्वालालंपूर करत पर्थकडे चाललं होतं. जावाच्या दक्षिणेला, ३७ हजार फुटांवर, त्या जंबो जेटची चारही इंजिनं एकामागोमाग बंद पडली. जावावरचा गालुंगगुंग ज्वालामुखी राख ओकत होता आणि विमान थेट त्या राखेत शिरलं होतं. विमानाच्या नाकातलं हवामान रडार चालू होतं, पडदा स्वच्छ होता. रडार बिघडलेलं नव्हतं. वैमानिकांनी विमान तरंगत १२-१३ हजार फुटांपर्यंत खाली आणलं, स्वच्छ हवेत इंजिनांनी पुन्हा जीव धरला आणि राखेने घासून आंधळ्या झालेल्या काचेतून बघत त्यांनी ते जकार्ताला उतरवलं. विमानातले सगळे वाचले.

रडारला राख का दिसली नाही? रडारकडे परत येणारा प्रतिध्वनी कणाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने बदलतो. एक मिलिमीटरचा पावसाचा थेंब आणि ०.०५ मिलिमीटरचा राखेचा कण यांच्या व्यासात फरक वीस पटींचा, पण प्रतिध्वनीत तो सहा कोटी चाळीस लाख पटींचा. त्यातून पाणी रडार-लहरी राखेपेक्षा चांगल्या परतवतं. म्हणून ज्वालामुखीच्या तोंडाजवळची जाड, दाट राख जमिनीवरच्या मोठ्या रडारला दिसते (२०१० मध्ये आइसलँडच्या रडारने तिथल्या एयाफ्यातलायोकुल ज्वालामुखीच्या राखेची उंची मोजली होती), पण हजार किलोमीटर वाहून आलेली बारीक राख त्याच रडारला अदृश्य. इंजिनाच्या दृष्टीने दोन्ही घातक, कारण ही राख म्हणजे बारीक काच. ती इंजिनाच्या तापलेल्या भागात वितळते आणि पुढच्या पात्यांवर जाऊन थिजते.

अशी राख उपग्रह शोधतो, तेही एका छान युक्तीने. आपल्या इन्सॅट-३डी मालिकेतल्या उपग्रहांच्या कॅमेऱ्यात उष्णतेचे दोन शेजारी पट्टे आहेत, एक १०.८ मायक्रोमीटरच्या आसपास आणि एक १२ च्या. पाण्याचा किंवा बर्फाचा ढग १२ वर जास्त शोषतो. सिलिकेटची राख बरोबर उलटं करते, ती १०.८ वर जास्त शोषते. त्यामुळे पहिल्या पट्ट्याच्या तापमानातून दुसऱ्याचं वजा केलं की साधा ढग सहसा धन येतो आणि राख ऋण. डोळ्यांना दोन्ही सारखेच करडे दिसतात, वजाबाकीत ते वेगळे पडतात.

आता हीच युक्ती कुठे फसते ते बघा. राख फार दाट असली तर दोन्ही पट्ट्यांना फक्त वरचा थर दिसतो आणि फरक शून्याकडे जातो. राखेच्या कणांवर बर्फ चढला तर ती बर्फाच्या ढगासारखी वागते. हवेत दमटपणा भरपूर असला, जसा आपल्या पट्ट्यात असतो, तर ऋण फरक पुसट होतो. आणि वाळवंटातली धूळसुद्धा ऋणच येते! येमेन, ओमान, कच्छ, राजस्थान या वाटेवर फक्त ही वजाबाकी वापरणारा माणूस धुळीला राख म्हणून मोकळा होईल.

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी फुटला, तेव्हाची वाट नेमकी हीच होती. राख साधारण १४ किलोमीटर उंच गेली, तांबडा समुद्र ओलांडून येमेन-ओमानवरून अरबी समुद्रावर आली आणि २४ तारखेच्या रात्रीपर्यंत गुजरात, राजस्थान करत दिल्लीवर पोचली. या ज्वालामुखीचा त्याआधीच्या सुमारे १२ हजार वर्षांतला एकही उद्रेक नोंदलेला नव्हता. त्यामुळे मदार मुख्यतः उपग्रहांवर. तिथे राख आणि धूळ यांचा निवाडा करायला तिसरी गोष्ट कामी येते, सल्फर डायऑक्साइड. ज्वालामुखीतून तो निघतो, वाळवंटातून निघत नाही. सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरचं ट्रोपोमी हे उपकरण तो वायू अतिनील प्रकाशात बघतं. त्याचीही मर्यादा आहेच: सूर्यप्रकाश लागतो, आणि एका जागेवरून त्याची फेरी बहुधा दिवसातून एकदा, दुपारी दीडच्या सुमारास. शिवाय वायू आणि राख पुष्कळदा वेगळ्या उंचीवर जातात आणि वेगळ्या वाऱ्यांबरोबर वाट बदलतात. वायू जिथे दिसतो तिथे राख असेलच असं नाही.

म्हणजे तीन साधनं झाली, प्रत्येकाचं फसण्याचं कारण वेगळं, म्हणून ती एकत्र उपयोगी. त्या वेळी फ्रान्सच्या तुलूझमधल्या ज्वालामुखीय राख सल्लाकेंद्राने (जगात अशी नऊ केंद्रं आहेत) राखेचा नकाशा आणि पुढच्या तासांचा अंदाज दिला. त्यावरून आपल्या हवामान खात्याच्या मुंबई, दिल्ली, कोलकाता इथल्या विमान-हवामान कार्यालयांनी वैमानिकांसाठी इशारे काढले. आकासा या विमान कंपनीने जेद्दा, कुवेत, अबुधाबीची उड्डाणं रद्द केली, एअर इंडियाने त्या भागावरून उडालेली काही विमानं तपासायला घेतली. तुम्ही लिहिलंय की कोणी आधी सांगितलं नाही. राख निघाल्यानंतरची यंत्रणा चालली. उद्रेकाच्या आधीचा इशारा मात्र नव्हता, कारण त्यासाठी डोंगरावरच उपकरणं लागतात.

डोंगरावरची उपकरणं काय करू शकतात, ते फिलिपिन्समधल्या पिनातुबोने १९९१ मध्ये दाखवलं. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. मे महिन्याच्या मध्याला तिथून दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता, महिनाअखेरीस तो ५,००० टनांवर गेला. मग जूनच्या सुरुवातीला एकदम घसरला. फक्त वायू मोजणारा माणूस काय म्हणेल? शांत होतोय, लोकांना घरी जाऊ द्या. पण भूकंपमापकांवर हादरे थांबले नव्हते. दोन्ही एकत्र वाचलं की अर्थ उलटा निघतो: वायूची वाट बुजली असावी आणि आत दाब चढतो आहे. फिलिपिन्सच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी धोक्याची पातळी वाढवत नेली, हजारो लोकांना हलवलं गेलं, आणि १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. त्या स्थलांतराने किमान ५,००० जीव वाचले, असा अमेरिकी भूवैज्ञानिक खात्याचा हिशोब आहे. वायू घसरला आणि हादरे चालू राहिले, हा विरोधाभासच तिथे सर्वांत मोलाची माहिती ठरला. तुमच्या प्रोग्रॅमने दोन्हींची सरासरी काढली असती, तर 'मध्यम धोका' असं काहीतरी निरर्थक उत्तर आलं असतं.

आणि तुम्ही ज्वालामुखी आणि वादळ एकाच प्रश्नात विचारलंत, तेही पिनातुबोत एकत्र आलं. उद्रेकाच्याच दिवशी युन्या नावाचं चक्रीवादळ तिथून गेलं. पावसाने राख भिजली, ओल्या राखेचं वजन छपरांना पेललं नाही, आणि जे गेले त्यांच्यातले पुष्कळ जण छपरं कोसळून गेले. वाऱ्याची दिशाही वादळाने फिरवली, त्यामुळे राख नेहमीच्या अंदाजापेक्षा वेगळीकडे पडली. ज्वालामुखीवाल्यांचा आणि हवामानवाल्यांचा पडदा एक असायला हवा, यासाठी याहून ठोस पुरावा मला माहीत नाही.

एकाच कानाने ऐकल्यावर काय होतं, ते २२ डिसेंबर २०१८ ला इंडोनेशियात दिसलं. अनाक क्राकाताऊचा एक उतार समुद्रात घसरला आणि त्सुनामी आली, चारशेहून जास्त माणसं गेली. इशारा-यंत्रणा मोठ्या भूकंपावर बेतलेली होती. मोठा भूकंप झालाच नाही, म्हणून घंटा वाजली नाही.

आता मुंबईकडे येतो, कारण तुमचा प्रोजेक्ट इथेच उभा राहणार आहे. आपलं शहर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर बसलं आहे, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब त्याचेच, पण आज इथे जागता ज्वालामुखी नाही. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातलं बॅरन बेट. मुंबईला राखेचा धोका आकाशातून, विमानांच्या वाटेवर. जमिनीवरचा रोजचा धोका पावसाचा आणि वाऱ्याचा.

२६ जुलै २००५ चे आकडे सर्वांना पाठ आहेत: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. पण त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर पडला, हे फार कमी लोक लक्षात ठेवतात. मध्ये अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. दोन्ही वेधशाळा आपापल्या जागी पूर्ण बरोबर होत्या, आणि तरी दोघींना मिळून मधल्या शहराचं चित्र कळत नव्हतं. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडार (पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही मोजणारं) नव्हतं. आज कुलाब्याला एस-बँडचं आहे आणि जोगेश्वरीजवळ वेरावलीला २०२२ च्या जानेवारीपासून सी-बँडचं. महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापकं शहरभर आहेत, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं विजांचं जाळं आहे, ज्यावर दामिनी ॲप चालतं.

यातलं प्रत्येक कसं फसतं ते सांगतो.

उपग्रह पाऊस बघत नाही, ढगाचा माथा बघतो. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि तितका पाऊस जोराचा, असा तो तर्क. मे महिन्यातल्या गडगडाटी ढगाला हा तर्क चालतो. पण जुलैत समुद्रावरून येऊन सह्याद्रीला अडून पडणारा पाऊस पुष्कळदा उथळ ढगांतून येतो. माथा उबदार, खाली धो-धो. उपग्रह तिथे पाऊस सरळ कमी दाखवतो.

रडार ढगाच्या आत बघतं, पण पृथ्वी गोल असल्यामुळे त्याची झोत दूर जाताना वर जात राहते. अर्ध्या अंशावर सोडलेली झोत शंभर किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंच असते, त्याखाली काय चाललंय ते तिला दिसत नाही. उंच इमारत किंवा डोंगर आड आला की त्यामागे सावली. सी-बँडची लहर पाच सेंटिमीटरच्या आसपासची. ती मुसळधार पावसातून जाताना स्वतःच क्षीण होते, म्हणून जवळच कोसळत असेल तेव्हा पलीकडचा पाऊस फिका दिसतो. एस-बँडची दहा सेंटिमीटरची लहर त्यातून बऱ्यापैकी पार जाते. वेरावलीच्या रडारला ठाण्याचा पाऊस ओसरताना दिसतो आहे आणि कुलाब्याच्या रडारला तो तसाच जोराचा दिसतो आहे, तर पाऊस ओसरलेला नसून लहर थकली आहे, असं आधी समजावं. दोन रडार असण्याचा खरा फायदा हा.

राहिला पर्जन्यमापक, ज्याला सगळे 'जमिनीवरचं सत्य' म्हणतात. त्याचं झाकण उघडून बघा. वर नरसाळं, खाली झुलणारी छोटी जोड-वाटी. ठरावीक पाणी, बहुतेक मॉडेलांत ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पावसाइतकं, भरलं की वाटी उलटते आणि एक टिचकी नोंदली जाते. पाऊस फारच जोराचा असला तर वाटी उलटत असताना पडणारं पाणी निसटतं, आकडा कमी येतो. आणि मुंबईतल्या गच्चीवर नरसाळ्यात कधी पिंपळाचं पान बसतं, कधी कबुतराची विष्ठा. मग पाऊस कोसळत असताना पडद्यावर शून्य. त्यानंतर एक गंमतीची खूण दिसते: पाऊस थांबल्यावर साचलेलं पाणी पानाखालून ठिबकत राहतं आणि वाटी तासन्‌तास ठरावीक अंतराने उलटत राहते. आलेखावर ती संथ, एकसारखी रिमझिम वाटते. एकटा पर्जन्यमापक बघून हे ओळखता येत नाही. रडारवर त्या वेळी स्वच्छ आकाश असलं की लगेच कळतं, नरसाळं तुंबलंय, माणूस पाठवा. आम्ही रडारला पर्जन्यमापकाने दुरुस्त करतो असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात पर्जन्यमापकाची तब्येतही रडारवरूनच तपासतो.

विजांचा सेन्सर पाऊस मोजतच नाही. पण ढगात विजांची संख्या एकदम उसळली, तर वर जाणारा प्रवाह जोर धरतो आहे असा त्याचा अर्थ, आणि थोड्या वेळात जोराचा वारा किंवा गारा येण्याची शक्यता वाढते. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले, ते असल्याच मान्सूनपूर्व वादळाच्या वाऱ्याने. अशा वाऱ्याची आघाडी पावसाच्या पुढे धावते. डॉप्लर रडारवर ती कधी कधी बारीक रेघेसारखी दिसते, धूळ आणि कीटक यांच्यामुळे. पर्जन्यमापकाला ती कधीच कळणार नाही. ऐन जुलैत उलट: उथळ ढगांच्या संततधार पावसात विजा फारशा नसतात, तेव्हा दामिनी शांत आहे म्हणून पाऊस नाही असं समजलात तर बुडालात.

जोडणीच्या कामात सर्वांत जास्त वेळ कुठे जातो ते विचाराल तर जागा आणि वेळ जुळवण्यात. उपग्रह विषुववृत्ताच्या वर उभा, आपण १९ अंश उत्तरेला, म्हणजे तो मुंबईकडे तिरका बघतो. १५ किलोमीटर उंच ढगाचा माथा त्याला खऱ्या जागेच्या सुमारे सहा किलोमीटर उत्तरेला दिसतो. दादरवरचा ढग चित्रात सांताक्रूझच्या जवळ! हे सरकवून न घेता तुम्ही दादरच्या पर्जन्यमापकाशी तुलना केलीत, तर मॉडेल चुकीचंच शिकेल. उथळ ढग कमी सरकतो, त्यामुळे सरसकट एकच आकडा वजा करूनही भागत नाही.

हाच तिरकेपणा दुसरीकडे मोजमापाचं साधन झाला. १५ जानेवारी २०२२ ला पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांजवळचा हुंगा ज्वालामुखी फुटला, तेव्हा तापमानावरून उंची काढणं फसलं, कारण ठरावीक उंचीच्या वर हवा पुन्हा तापू लागते आणि एकाच तापमानाला दोन-तीन उंची जुळतात. शास्त्रज्ञांनी तीन वेगवेगळ्या भूस्थिर उपग्रहांमधून त्याच माथ्याचं किती सरकणं दिसतं ते मोजलं आणि उंची काढली: ५७ किलोमीटर. त्याच उद्रेकात विजांच्या जाळ्यांनी मिनिटाला सुमारे २,६०० चमका मोजल्या, आणि हवेच्या दाबाची लाट पृथ्वीला फेऱ्या घालताना जगभरच्या साध्या दाबमापकांवर उमटली. ज्वालामुखी आणि वादळ यांना एकच साधनं लागू पडतात, हे तुमचं म्हणणं इथे पूर्ण खरं आहे.

वेळेचंही तसंच. रडार दर काही मिनिटांनी, उपग्रह अर्ध्या तासाने (दोन उपग्रह आलटून-पालटून वापरले तर पंधरा मिनिटांनी), पर्जन्यमापक पंधरा मिनिटांची बेरीज करून. एक नोंद भारतीय वेळेत, दुसरी जागतिक वेळेत, साडेपाच तासांचा फरक. दिवसाचा पाऊस आपल्याकडे सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, मध्यरात्र ते मध्यरात्र नव्हे. कोणतंही अल्गोरिदम लिहिण्याआधी सगळं एका घड्याळावर आणा.

त्यानंतर वजनं द्या. जो सेन्सर त्या परिस्थितीत जास्त चुकतो त्याला कमी वजन, जो कमी चुकतो त्याला जास्त, आणि परिस्थिती बदलली की वजनही बदललं पाहिजे. उथळ मान्सूनी पावसात उपग्रहाचं वजन उतरवा, मेमधल्या गडगडाटात चढवा. हे आकडे जोडायला काल्मन फिल्टरचं गणित वापरा की न्यूरल नेटवर्क, हा त्यानंतरचा प्रश्न. आकडे एकमेकांशी पटत नसतील तर ते न पटणंसुद्धा नोंदवा आणि पडद्यावर दाखवा. पिनातुबोची गोष्ट त्यासाठीच सांगितली.

इशारा कधी द्यायचा, हे मात्र यंत्रावर अवलंबून नाही, तर चुकीचा इशारा किती महाग पडतो यावर आहे. ३० टक्के शक्यतेवर उदंचन केंद्राचे पंप तयार ठेवायला फारसं काही जात नाही, ठेवावेत. त्याच ३० टक्क्यांवर कुर्ल्याच्या क्रांतीनगरातली मिठीकाठची कुटुंबं रात्री शाळेत हलवायची का? दोन-तीनदा पाणी चढलं नाही, तर चौथ्यांदा ती उठणार नाहीत. हातावर पोट असलेल्या माणसाचा एक दिवस बुडाला तर त्याची किंमत तोच जाणतो. भरती किती वाजता आहे यावरही ते बदलतं, कारण साडेचार मीटरच्या भरतीला तोच पाऊस पडला तर पाणी समुद्रात जायला वाटच नसते. म्हणून तुमच्या यंत्रणेने 'हो' किंवा 'नाही' देऊ नये, शक्यता द्यावी. उंबरठा ज्याने त्याने ठरवावा.

मशीन लर्निंगबद्दल दोनच गोष्टी. अतिवृष्टी दुर्मिळ असते, रोज 'नाही' म्हणणारं मॉडेलसुद्धा ९९ टक्के अचूक दिसतं. म्हणून अचूकता सांगू नका. किती घटना पकडल्या आणि किती इशारे खोटे गेले, हे सांगा. दुसरं, डेटा स्वैर वाटून ट्रेनिंग-टेस्ट करू नका. दुपारी तीनचं चित्र ट्रेनिंगमध्ये आणि सव्वातीनचं टेस्टमध्ये गेलं, तर मॉडेलने उत्तर आधीच बघितलेलं असतं. अख्खा एखादा पावसाळा बाजूला ठेवा आणि त्यावरच तपासा.

तर किती सेन्सर? तुमच्या प्रोजेक्टला तीन पुरेत. धोका एकच निवडा, मी तुमच्या जागी असतो तर एका वॉर्डातलं पाणी साचणं घेतलं असतं. दोन पर्जन्यमापक वेगवेगळ्या गच्च्यांवर, आणि नाल्यावर पाण्याची उंची मोजणारा एक अल्ट्रासोनिक सेन्सर. पर्जन्यमापक तुंबला तरी नाल्याची पातळी खोटं बोलत नाही, आणि नाला भरतीमुळे फुगला असेल तर पर्जन्यमापक ते सांगतो. बाहेरचा डेटा विकत घ्यावा लागणार नाही, इन्सॅटची चित्रं इस्रोच्या मॉसडॅक पोर्टलवर नोंदणी करून मिळतात. ज्वालामुखीचीच ओढ असेल, तर हायली गुब्बीच्या दोन दिवसांची चित्रं घेऊन राख आणि धूळ वेगळी करून दाखवा. त्याला एकही सेन्सर विकत घ्यावा लागत नाही, आणि ते कामही खऱ्या उपयोगाचं आहे.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा: 'शून्य पाऊस' आणि 'माहिती आली नाही' हे वेगळे लिहा. ज्या तासाला सर्वांत जास्त गरज असते त्याच तासाला वीज जाते, मोबाईलचं नेटवर्क दबतं आणि सेन्सर गप्प होतो. रिकाम्या जागेत प्रोग्रॅमने शून्य भरलं, तर शहर बुडत असताना तुमचा नकाशा कोरडा दिसेल.

सगळं उभं राहिलं की २९ ऑगस्ट २०१७ च्या चित्रांवर आणि त्या दिवशीच्या जुन्या पर्जन्यमापक नोंदींवर जोडणीचा प्रोग्रॅम चालवून बघा. सांताक्रूझला २४ तासांत ३३१ मिलिमीटर पडला होता आणि इन्सॅटचे दोन्ही उपग्रह तेव्हा वर होते. मग एकेक साधन मुद्दाम बंद करून परत चालवा: आधी उपग्रह, मग एक पर्जन्यमापक, मग दुसरा. कोणतं काढल्यावर उत्तर कोसळतं आणि कोणतं काढूनही काहीच बदलत नाही, याची नोंद ठेवा. तुमच्या गच्च्यांची आणि नाल्याची नेमकी ठिकाणं इथे टाकलीत, तर तिथे रडारची झोत किती उंचीवरून जाते आणि कोणत्या इमारती आड येतात, हे मी काढून देतो.